वय साठ, खुर्ची कायम: पोलीस महासंचालक निवृत्तीच्या वयानंतरही पदावर कसे राहतात?

रश्मी शुक्ला जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालक झाल्या. राज्याला पहिल्यांदाच महिला महासंचालक मिळाल्यामुळे बातमीची बरीच चर्चा झाली. पण तेव्हाच आणखी एक तारीख चर्चेत होती, ती म्हणजे ३० जून २०२४. नियमाप्रमाणे त्या दिवशी त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे हातात जेमतेम सहा महिने.

प्रत्यक्षात त्यांनी पद सोडलं ते जानेवारी २०२६ मध्ये. तेव्हा त्यांच्या वयाला साठ पूर्ण होऊन दीड वर्ष उलटलं होतं.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन तट पडतात. एक म्हणतो, 'मर्जीतल्या अधिकाऱ्यासाठी नियम वाकवला.' दुसरा म्हणतो, 'सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे, दोन वर्षं द्यावीच लागतात.' गंमत म्हणजे दोघांच्याही बोलण्यात तथ्य असू शकतं. कारण पोलीस प्रमुखाला निवृत्तीच्या वयानंतर पदावर ठेवण्याचे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत. काही रस्ते त्याला सरकारच्या दबावापासून वाचवतात, तर काही त्याला सरकारच्या उपकारात बांधून ठेवतात.

हे रस्ते कोणते आणि त्यातला फरक ओळखायचा कसा, ते समजून घेऊ.

आधी मूळ नियम काय आहे?

पोलीस महासंचालक हा आयपीएस अधिकारी असतो. आयपीएस ही अखिल भारतीय सेवा आहे. त्यामुळे तो काम राज्यात करत असला तरी त्याच्या निवृत्तीचे नियम केंद्र सरकारचे असतात. १९५८ च्या नियमांनुसार अधिकारी ज्या महिन्यात ६० वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. ज्याचा जन्म १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १९९८ पर्यंत ही मर्यादा ५८ होती, ती तेव्हा दोन वर्षांनी वाढली.

महाराष्ट्रात पोलीस दलातला शिपाई, हवालदार किंवा पोलीस निरीक्षक हा राज्य सरकारचा कर्मचारी असतो. तो ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे एकाच दलात खालच्यांसाठी ५८ आणि आयपीएस अधिकाऱ्यांसाठी ६०, असा फरक आधीपासूनच आहे. त्यावर साहेबांना आणखी दीड-दोन वर्षं मिळाली की लोकांच्या भुवया उंचावतात, ते साहजिकच आहे.

मग अपवाद आला कुठून?

१९९६ साली प्रकाश सिंह नावाचे निवृत्त आयपीएस अधिकारी सुप्रीम कोर्टात गेले. ते उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस प्रमुख आणि सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक राहिले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकार बदललं की पोलीस प्रमुख बदलतो, मंत्र्याचं ऐकलं नाही की बदली होते, आणि ज्याला उद्याची खात्री नाही तो अधिकारी कायद्याचं नाही, तर सरकारचं तोंड बघून काम करतो.

दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी कोर्टाने निकाल दिला. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक महासंचालकांबद्दल होता. तो असा: यूपीएससीने राज्यातल्या सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यांमधून तिघांची यादी करावी, राज्याने त्यातून एकाची निवड करावी, आणि निवड झालेल्याला किमान दोन वर्षं मिळावीत, मग त्याची निवृत्तीची तारीख काहीही असो.

सगळा अपवाद या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना तो महासंचालक झाला, तर त्याला उरलेलं एक वर्ष नाही, पूर्ण दोन वर्षं मिळतात. साठी मध्ये आली तरी.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, हा अपवाद त्या व्यक्तीचं कौतुक म्हणून दिलेला नाही. पदावरच्या माणसाला न घाबरता काम करता यावं, म्हणून तो आहे. दुसरी, तो फक्त महासंचालकांसाठी आहे. त्याच निकालात पोलीस ठाण्याचे प्रमुख, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, परिक्षेत्राचे अधिकारी यांनाही दोन वर्षांचा किमान कार्यकाळ सांगितला आहे. पण निवृत्तीचं वय ओलांडण्याची मुभा त्यांना नाही. मुंबईचे पोलीस आयुक्त विवेक फणसळकर एप्रिल २०२५ च्या अखेरीस वेळेवर निवृत्त झाले, ते त्यामुळेच. मुंबईचं आयुक्तपद कितीही वजनदार असलं तरी ते राज्याच्या महासंचालकाचं पद नाही.

या खात्रीचा खरंच उपयोग होतो का?

होतो, असं दोन प्रकरणांवरून दिसतं.

टी. पी. सेनकुमार केरळचे पोलीस महासंचालक होते. २०१६ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि नव्या सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. एप्रिल २०१७ मध्ये कोर्टाने त्यांना परत महासंचालकपदावर बसवण्याचा आदेश दिला. निवृत्तीला तेव्हा दोनच महिने उरले होते. पण निवडून आलेलं सरकारसुद्धा पोलीस प्रमुखाला वाटेल तेव्हा हलवू शकत नाही, हे त्यातून ठळक झालं.

दुसरं प्रकरण सीबीआयचं. सीबीआयच्या संचालकालाही दोन वर्षांचा ठरलेला कार्यकाळ असतो. आलोक वर्मा जानेवारी २०१७ मध्ये संचालक झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये साठ वर्षांचे झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना रात्रीतून सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत आणलं, पण दोनच दिवसांत निवड समितीने त्यांना हटवून अग्निशमन सेवेचं महासंचालकपद देऊ केलं. वर्मांनी ते नाकारलं. त्यांचा मुद्दा असा होता की वयाच्या हिशोबाने आपण जुलै २०१७ मध्येच निवृत्त झालो आहोत. सीबीआय संचालकाचा ठरलेला कार्यकाळ होता, म्हणूनच आपण सेवेत होतो. तो काढून घेतल्यावर दुसऱ्या पदावर बदली करायला मुळात नोकरीच उरत नाही.

साठीनंतर पदावर असलेला अधिकारी आणि नेहमीचा अधिकारी यांच्यातला फरक या उत्तरातून नेमका कळतो. पहिल्याचा हक्क त्या एका खुर्चीपुरता आणि त्या ठरलेल्या मुदतीपुरता असतो.

पळवाट कशी निघाली?

नियम आला की पळवाटही येते. काही राज्यांनी अधिकाऱ्याला निवृत्तीच्या अगदी शेवटच्या दिवशी महासंचालक करायला सुरुवात केली. दोन वर्षांचा कार्यकाळ मिळणारच, म्हणून साठीला निघालेला माणूस थेट ६२ व्या वर्षापर्यंत खुर्चीवर. ज्याच्यावर सरकार खूश, त्याला दोन वर्षांची बक्षिसी.

जुलै २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत निकालाच्या हेतूला धरून नाही, असं सांगितलं. महासंचालक निवृत्त होण्याच्या किमान तीन महिने आधी राज्यांनी यूपीएससीकडे प्रस्ताव पाठवावा, शक्यतो ज्याची दोन वर्षं सेवा उरली आहे त्याचाच विचार व्हावा आणि कुठल्याही राज्याने 'प्रभारी' महासंचालक नेमण्याचा विचारही करू नये, असं कोर्टाने बजावलं.

पण दोन वर्षांची अट कडक लावली तर अनेक लायक अधिकारी आपोआप बाद होतात. म्हणून मार्च २०१९ मध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की निवृत्तीला किमान सहा महिने उरलेले असतील तर अधिकाऱ्याचा विचार होऊ शकतो.

आता सुरुवातीची तारीख पुन्हा पाहा. शुक्ला यांची नेमणूक ४ जानेवारी २०२४ ची, निवृत्ती ३० जूनची. मधलं अंतर जवळपास सहा महिने. त्यांना ३ जानेवारी २०२६ पर्यंत मिळालेला काळ म्हणजे नेमणुकीपासून मोजलेली दोन वर्षं. 'दीड वर्षाची मुदतवाढ' म्हणून जे सांगितलं गेलं, ते कागदावर प्रकाश सिंह निकालातलं दोन वर्षांचं गणित होतं.

पण वाद तिथे संपला नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना पदावरून हटवायला सांगितलं आणि संजय वर्मा महासंचालक झाले. निकाल लागून आचारसंहिता संपल्यावर त्याच महिन्यात शुक्ला पुन्हा पदावर आल्या. म्हणजे दोन वर्षांची खात्री असली तरी निवडणुकीच्या काळात आयोगाचा शब्द तिच्यावर चालतो.

मुदतवाढ ही वेगळी गोष्ट

इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'कार्यकाळ' आणि 'मुदतवाढ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्यकाळ नेमणुकीच्या दिवशीच ठरतो. मुदतवाढ निवृत्तीच्या तोंडावर मिळते, आणि ती द्यायची की नाही हे सरकार ठरवतं.

१९५८ च्या नियमांमध्ये मुदतवाढीच्या सोयी आहेत, पण त्या मोजक्या आहेत. राज्याच्या मुख्य सचिवाला सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. अर्थसंकल्पाचं काम करणाऱ्या किंवा लवकरच संपणाऱ्या एखाद्या समितीवर पूर्णवेळ असणाऱ्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत. केंद्रात गृह सचिव, संरक्षण सचिव, आयबी आणि सीबीआयचे संचालक, रॉचे प्रमुख अशा काही पदांची नावं नियमांत वेगळी घेतलेली आहेत. आयबीचे संचालक तपन डेका यांना २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ एकेक वर्ष मिळालं, ते याच मार्गाने.

राज्याच्या पोलीस महासंचालकाचं नाव या मुदतवाढीच्या यादीत नाही. त्यामुळे राज्याला त्याला मुदतवाढ द्यायची असेल तर केंद्राची मंजुरी लागते. महाराष्ट्रात याचं उदाहरण म्हणजे दत्ता पडसलगीकर. ते ३० जून २०१८ रोजी महासंचालक झाले आणि ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. त्यांना आधी तीन महिने आणि मग आणखी तीन महिने मिळाले, आणि फेब्रुवारी २०१९ अखेर ते निवृत्त झाले. पडसलगीकरांच्या कामाबद्दल आदर असणारे पुष्कळ होते, तरीही या मुदतवाढीला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं गेलं.

दिल्लीचं गणित वेगळं

२७ जुलै २०२१. गुजरात केडरचे राकेश अस्थाना यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. त्या दिवशी त्यांना दिल्लीचे पोलीस आयुक्त नेमलं गेलं आणि नियम शिथिल करून त्यांची सेवा एक वर्षाने वाढवली गेली. सहा महिने शिल्लक नाहीत, यूपीएससीची यादी नाही. दिल्ली विधानसभेने नेमणुकीविरोधात ठराव केला, प्रकरण हायकोर्टात गेलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने याचिका फेटाळली. कोर्टाच्या म्हणण्यानुसार प्रकाश सिंह निकालातली प्रक्रिया राज्यांच्या महासंचालकांसाठी आहे, केंद्राच्या अखत्यारीतल्या दिल्लीच्या आयुक्तांना ती लागू होत नाही. अस्थाना जुलै २०२२ अखेर निवृत्त झाले.

म्हणजे राज्यांना जे करता येत नाही, ते केंद्राला दिल्लीत करता आलं. कायद्याने ते बसलं, पण प्रश्न शिल्लक राहिला. निकालामागचा हेतू पोलीस प्रमुखाला दबावापासून वाचवण्याचा असेल, तर दिल्लीच्या पोलीस प्रमुखाला त्याची गरज नाही का?

झारखंडमध्ये केंद्र आणि राज्य आमनेसामने

२०२५ मध्ये झारखंडने महासंचालकांच्या निवडीसाठी स्वतःचे नियम केले आणि त्यांनुसार अनुराग गुप्ता यांना दोन वर्षांसाठी नेमलं. गुप्ता ३० एप्रिल २०२५ रोजी साठीचे होणार होते. राज्याचं म्हणणं होतं, दोन वर्षांचा कार्यकाळ दिला आहे, ते पदावर राहतील. केंद्रीय गृह मंत्रालयाने कळवलं, ते ३० एप्रिललाच निवृत्त व्हायला हवेत.

राज्याने त्यांना पदावर कायम ठेवलं. भाजप नेते बाबूलाल मरांडी यांनी सुप्रीम कोर्टात अवमान याचिका केली. ऑगस्टमध्ये कोर्टाने ती ऐकून घ्यायला नकार दिला. अवमानाच्या कारवाईचा वापर राजकीय हिशोब चुकते करण्यासाठी होऊ शकत नाही, अशी कोर्टाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुप्ता यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

दोन वर्षांची ढाल यूपीएससीच्या यादीतून आलेल्या अधिकाऱ्यासाठी आहे. ती यादी बाजूला ठेवून राज्याने स्वतःच्या नियमांनी नेमणूक केली, तर साठीनंतरची दोन वर्षं त्या अधिकाऱ्याला मिळतात का, हा या वादाचा गाभा होता. भांडण दोन सरकारांचं होतं, पण राज्याचा पोलीस प्रमुख कायदेशीर आहे की नाही हेच सहा महिने वादात राहिलं. अशा काळात त्याच्या हाताखालच्या दलाने त्याचा आदेश कोणत्या विश्वासाने पाळायचा?

नाण्याची दुसरी बाजू: 'प्रभारी'

कुणाला जास्त काळ ठेवणं हा एक खेळ, तर कुणालाच पक्की खुर्ची न देणं हा दुसरा.

उत्तर प्रदेशात मे २०२२ मध्ये मुकुल गोयल यांना हटवल्यानंतर एकामागून एक प्रभारी महासंचालक आले. मे २०२५ मध्ये आलेले राजीव कृष्ण हे सलग पाचवे प्रभारी. महाराष्ट्रही याला अपवाद नाही. एप्रिल २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात संजय पांडे प्रभारी महासंचालक होते. यूपीएससीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मुंबई हायकोर्टाने सरकारला खडे बोल सुनावल्यानंतर यादीतले रजनीश सेठ महासंचालक झाले.

प्रभारी अधिकाऱ्याला दोन वर्षांची ढाल नसते. सकाळी आदेश निघाला की संध्याकाळी तो घरी. म्हणून सरकारांना ही सोय आवडते. आणि साठीच्या उंबरठ्यावर छोट्या छोट्या मुदतवाढी घेणाऱ्या अधिकाऱ्याची अवस्थाही फार वेगळी नसते. पुढचे तीन महिने मिळतील का, हे ज्या मंत्र्याच्या सहीवर ठरतं, त्याच मंत्र्याच्या कार्यकर्त्यावर गुन्हा दाखल करायची वेळ आली तर?

मुदतवाढ द्यावीच नाही का?

मुदतवाढीच्या बाजूनेही मुद्दे आहेत. साठीच्या माणसाचा अनुभव एका तारखेला संपत नाही. निवडणूक, दंगल किंवा मोठा तपास सुरू असताना प्रमुख बदलला तर घडी विस्कटते. आणि ज्येष्ठतेनुसार निवड करायची म्हटली की पुढे येणारे अधिकारी बहुतेक निवृत्तीच्या जवळ पोहोचलेलेच असतात. ५८-५९ व्या वर्षी नेमायचं आणि साठीला घरी पाठवायचं, तर दोन वर्षांच्या कार्यकाळाला अर्थच उरत नाही.

उलट बाजूचा मुद्दा रांगेचा आहे. आयपीएसमध्ये एका राज्याला महासंचालकाची खुर्ची एकच. वरचा माणूस दीड वर्ष जास्त थांबला की मागचे दोघे-तिघे ती खुर्ची न पाहताच निवृत्त होतात. त्यांची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी कुणाच्या तरी मर्जीमुळे एक पायरी आधी थांबली, अशी भावना दलात पसरते. आणि जो थांबला तो का थांबला, याचं उत्तर लोक कामात शोधत नाहीत, जवळिकीत शोधतात.

म्हणून साठीनंतर ठेवावं की नाही, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे, ते कधी ठरलं आणि कुणी ठरवलं.

अशी बातमी आली तर काय पाहायचं?

पुढच्या वेळी एखाद्या पोलीस प्रमुखाच्या 'मुदतवाढी'ची पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी तपासा.

१. नेमणुकीची तारीख आणि निवृत्तीची तारीख यांत किती अंतर होतं? सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

२. वाढीव काळ नेमणुकीपासून बरोबर दोन वर्षांवर संपतो का? संपत असेल तर तो बहुधा ठरलेला कार्यकाळ आहे. तीन-तीन महिने किंवा एकेक वर्षाचे तुकडे असतील तर ती मुदतवाढ आहे.

३. नाव यूपीएससीच्या तिघांच्या यादीतून आलं का? यादीच नसेल, तर दोन वर्षांचा दावाही लंगडा पडतो.

४. पद नेमकं कोणतं? राज्याचा महासंचालक, शहराचा आयुक्त, दिल्लीचा आयुक्त आणि केंद्रीय यंत्रणेचा संचालक, या चौघांचे नियम एकसारखे नाहीत.

या चार उत्तरांवरून नियम पाळला की वाकवला, हे बरंचसं कळतं. पहिल्याच दिवशी दोन वर्षं हातात घेऊन बसलेला साठीचा अधिकारी मंत्र्याला 'नाही' म्हणू शकतो. दर तीन महिन्यांनी सहीची वाट पाहणाऱ्याला ते जड जातं. आणि पोलिसांनी कुणाचं ऐकायचं, याचा फटका शेवटी तक्रार घेऊन पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला बसतो.